गरम झाल्यावर बंद पडणारी बुलेट आणि उद्यमनगरातले मेस्त्री

माझ्याकडे १९८४ सालची, बिडाच्या इंजिनाची ३५० सीसी बुलेट आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला एक विचित्र खोड लागली होती. सकाळी गार असताना ती दुसऱ्या किकला चालू व्हायची, कोल्हापूरचा शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत अगदी सुरेख चालायची, आणि पन्हाळ्याचा चढ लागण्याच्या सुमारास, वाघबिळाजवळ, अचानक बंद पडायची. मग कितीही किक मारल्या तरी दाद द्यायची नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायची. हा दोष ज्या गॅरेजमध्ये सापडला, त्याविषयी सविस्तर लिहावे असे मनापासून वाटले, म्हणून हा अभिप्राय. मेस्त्रींच्या हाती आधीच झेपेल त्याहून अधिक काम असल्याने त्यांनी नाव छापू नका असे सांगितले आहे. गॅरेज शिवाजी उद्यमनगरात आहे, आणि जुन्या बुलेट, जावा, येझदी बाळगणाऱ्यांपैकी कोणालाही विचारले तरी तो बोळ सापडेल.

त्याआधी शहरातल्याच दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मी दोन महिने घालवले होते. तिथे प्लग बदलला गेला, कार्बोरेटर उघडून साफ झाला, फ्लोट आणि सुई नवी बसली, पेट्रोलची टाकी धुतली गेली, आणि शेवटी बोअर करून नवा पिस्टन टाकण्याचा सल्ला मिळाला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या दारात व्यवस्थित चालायची आणि प्रत्येक वेळी वाघबिळाजवळ बंद पडायची. पैसे गेले याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक दुःख याचे आहे की दोष समोर उभा असताना गाडी कोणी पाहिलीच नाही.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "बंद पडताना फटफट करत, दम तोडत पडते, की बटण दाबल्यासारखी एकदम?" आणि दुसरा, "किती वेळाने पुन्हा चालू होते?" पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी सहसा आचके देत मरते, ठिणगी गेली तर एका क्षणात शांत होते. माझे उत्तर ऐकून ते म्हणाले, "साहेब, गार गाडीत हा दोष दिसणार नाही. रविवारी सकाळी या, तुमच्याबरोबर मी येतो. जिथे बंद पडेल तिथेच बघू." एवढ्या व्यापातला माणूस आपली सकाळ मोडून एका जुन्या गाडीच्या मागे वीस किलोमीटर येतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्या सकाळी गाडी ठरल्याप्रमाणे वाघबिळाच्या अलीकडे बंद पडली. त्यांनी सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडले, कारण झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल उतरत नाही, आणि लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. फरक पडला नाही. मग प्लग काढला. त्याचे टोक पेट्रोलने ओले होते, म्हणजे इंधन सिलिंडरपर्यंत पोचत होते. प्लग पुन्हा टोपीत घालून सिलिंडरच्या पात्यांना टेकवला आणि मला हळू किक मारायला सांगितले. ठिणगी होती, पण बारीक, पिवळसर, ऊन असते तर दिसलीही नसती अशी. त्यानंतर त्यांनी बॅटरीवरून एक वायर थेट कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाला, जोडली; म्हणजे किल्लीचा स्विच आणि मधली सगळी वायरिंग बाजूला पडली. ठिणगी तशीच. पॉईंटचे, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट होऊन कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचे, झाकण उघडून किक मारली तेव्हा पॉईंटवर मोठ्या ठिणग्या उडत नव्हत्या, त्यामुळे कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी शमवणारा भाग) बरा असावा असा त्यांचा अंदाज होता. तरीही खिशातून आणलेला कंडेन्सर तात्पुरता जोडून त्यांनी खात्री केली. एका वेळी एकच वस्तू बदलायची, आणि फरक पडला नाही तर ती मूळ जागी परत लावायची, हा त्यांचा शिरस्ता मला फार मोलाचा वाटला.

शेवटी पिशवीतून एक वापरलेली पण चांगली कॉइल निघाली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती फ्रेमला बांधली, तीन वायरी बदलल्या, आणि पुन्हा प्लग टेकवला. या वेळी निळी, जाड ठिणगी उडाली आणि तिचा 'चट्' असा आवाज मला दोन हातांवरून स्पष्ट ऐकू आला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. त्या रबरी पट्टीने बांधलेल्या कॉइलवर आम्ही पन्हाळ्यापर्यंत चढलो आणि न थांबता खाली उतरलो.

गॅरेजमध्ये परतल्यावर जुनी कॉइल त्यांनी मीटरवर मोजून दाखवली, आणि मीटरने ती ठीक असल्याचे सांगितले. मी चक्रावलो. त्यांचे स्पष्टीकरण असे होते: कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉईंट उघडताच जाड तारेतला प्रवाह तुटतो आणि बारीक तारेत काही हजार व्होल्ट निर्माण होतात. तारेवरचे आवरण कुठे कमकुवत झाले असेल तर गरम झाल्यावर ती वीज प्लगकडे न जाता आतल्या आतच मार्ग शोधते. मीटर मात्र अगदी कमी दाबावर, आणि तेही गार कॉइल मोजत असतो, त्यामुळे त्याला हा दोष सहसा कळत नाही. गॅरेजच्या दारात गाडी दरवेळी चांगली का चालायची, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

कॉइल अशी का झाली, याचाही त्यांनी मागोवा घेतला. गाडी बंद केल्यावर किल्ली तशीच चालू राहते का, असे त्यांनी विचारले, आणि मला कबूल करावे लागले की डिकंप्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा) खटका ओढून इंजिन थांबवण्याची आणि गप्पांच्या नादात किल्ली विसरण्याची मला सवय आहे. इंजिन थांबताना पॉईंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून तीन-चार अँपिअर सतत वाहत राहतात, आणि ती तापत जाते. हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअर मीटर हे रोज सांगत असतो: किल्ली चालू केल्यावर काटा उणे बाजूला झुकला तर पॉईंट मिटलेले आहेत, आणि किक हळूहळू दाबताना तो मध्यावर आला तर ते उघडले. किकसाठी पिस्टनची योग्य जागा शोधताना हा काटा कसा वापरायचा, तेही त्यांनी माझा पाय किकवर ठेवायला लावून शिकवले. इतकी वर्षे तो मीटर मी शोभेची वस्तू समजत होतो.

त्यानंतरचे काम त्यांनी घाई न करता केले. पॉईंटच्या तोंडावर खड्डा आणि उंचवटा तयार झाला होता. तो पॉलिश पेपरने न घासता बारीक दगडाने सपाट केला, कारण कागदाचे कण तिथेच अडकून राहतात. पेट्रोलने पुसल्यावर एक स्वच्छ कागद पॉईंटमध्ये धरून ओढला, आणि कागदावर काळा डाग उमटेनासा झाल्यावरच ते पुढे गेले. पॉईंटमधली गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान बसवली आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासले: वेगाप्रमाणे ही वेळ पुढे सरकवणारी अ‍ॅडव्हान्सची वजने पूर्ण मागे असताना, पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर खाली असतानाच पॉईंट उघडायला लागले पाहिजेत. तो क्षण पकडण्यासाठी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉईंटमध्ये धरला होता. तो सैल सुटला तिथे खूण. गॅप आधी आणि टायमिंग नंतर, कारण गॅप बदलली की टायमिंगही सरकते, हे सांगायला ते विसरले नाहीत.

खर्च एकूण दोन हजार शंभर रुपये आला, त्यात नवी कॉइल, कंडेन्सर आणि मजुरी. पन्हाळ्याच्या फेरीचे त्यांनी फक्त पेट्रोल घेतले. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत दिला.

काही उणिवाही नोंदवायला हव्यात. ते फोन क्वचितच उचलतात. दिलेली तारीख दोन वेळा पुढे गेली. जागा इतकी अरुंद आहे की तीन गाड्या असल्या तर चौथी बोळात उभी करावी लागते, आणि पावसात तिथे उभे राहण्याची सोय नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळते ते वहीच्या पानावर. काम चालू असताना मालकाने समोर असावे असा त्यांचा आग्रह असतो. मला तो आवडला, पण नोकरदार माणसाला त्यासाठी रजा टाकावी लागेल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्यायचे असेल तर ते नम्रपणे नकार देतात आणि दुसरीकडे पाठवतात.

या कामाला आता तीन महिने झाले आहेत. गाडी पन्हाळ्याला चार वेळा आणि गगनबावड्याला एकदा जाऊन आली, एकदाही बंद पडली नाही. रात्री हेडलाइट चालू असताना चौकात आयडलिंगला ती किंचित अडखळते, आणि अँपिअर मीटरचा काटा तेव्हा उणे बाजूलाच राहतो. चार्जिंगची ती तपासणी मेस्त्रींनी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठेवली आहे, आणि गाडी गरम करूनच आणा, असे बजावले आहे.