पाकातला अननस आणि कच्चे गाजर

हवाबंद डब्यातल्या अननसाच्या चकत्या घेताना 'फळच तर आहे' असा आपला हिशेब असतो. माझाही तोच होता. या वेळी मात्र डबा उघडल्याबरोबर चकत्या चाळणीत निथळायला ठेवल्या आणि काट्यावर वजन करून पाहिले. वेष्टनावर ठळक अक्षरांत निव्वळ वजन 840 ग्रॅम होते. निथळलेल्या चकत्या भरल्या 490 ग्रॅम. बाकी सारा बोटाला चिकटणारा घट्ट पाक. निथळलेले वजनही वेष्टनावर छापलेले आहे, पण ते वाचण्यासाठी मला चष्मा शोधावा लागला, आणि या उत्पादनाविषयी माझी पहिली तक्रार हीच आहे.

तुलनेसाठी शेजारी कच्चे गाजर ठेवले. घट्ट पाकातल्या अननसात, पाक धरून, 100 ग्रॅममागे साधारण 78 किलोकॅलरी आणि 17 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चार चमचे. तेवढ्याच गाजरात सुमारे 41 किलोकॅलरी आणि पाच ग्रॅमहून कमी साखर. तंतुमय पदार्थ गाजरात 2.8 ग्रॅम, तर डब्यात एक ग्रॅमही नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर तुलनाच नको, कारण 100 ग्रॅम गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून सुमारे 835 मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व मिळते आणि डब्यातल्या अननसातून जेमतेम एक. हे बीटा-कॅरोटीन अंगी लागायला सोबत थोडे तेल-तूप हवे. गाजर शिजवले तर ते आणखी चांगले शोषले जाते.

मला खरा धक्का बसला तो 'क' जीवनसत्त्वाच्या आकड्यांनी. ताज्या अननसात ते 100 ग्रॅममागे 48 मिलिग्रॅमच्या आसपास असते. डब्यात सातच्या घरात उरते, आणि गाजरातही सहाच्या आसपासच असते. अननसातले काही 'क' जीवनसत्त्व डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने नष्ट होते, काही पाकात उतरते. त्याच उष्णतेने अननसातले ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकरही (एन्झाइम) निकामी होते. जिलेटिन हे प्रथिनच, म्हणूनच ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली गोठत नाही, डब्यातला घातला तर मात्र व्यवस्थित गोठते. तेव्हा 'क' जीवनसत्त्वासाठी हा डबा घेणे व्यर्थ, आणि त्यासाठी गाजरावर विसंबणेही तितकेच व्यर्थ. लाल ढोबळी मिरची या दोघांनाही सहज मागे टाकते.

डब्याची एक जमेची बाजू मान्य करायला हवी. मँगनीज त्यात 100 ग्रॅममागे एक मिलिग्रॅमहून जास्त असते, गाजराच्या कित्येक पट. चकत्या चवीला उत्तम, कडेपर्यंत मऊ, आणि मधल्या कठीण गाभ्याचा मागमूस नाही. पाकाऐवजी फळाच्या रसात बुडवलेला डबा घेतला तर साखर 14 ग्रॅमपर्यंत येते. ही घट मला वाटली होती त्याहून बरीच कमी निघाली.

त्यामुळे हा डबा मी गोड पदार्थ म्हणून घेईन, फळाच्या वाट्यात धरणार नाही, आणि पाक बाजूला काढून दोन चकत्यांवर थांबेन. उरलेल्या चकत्या मात्र उघड्या डब्यात ठेवू नयेत, कारण आंबट रसात डब्याचा धातू उतरू शकतो. काचेच्या भांड्यात काढून, झाकण लावून शीतकपाटात ठेवाव्यात.