तोंडी नोटीस 46,500 रुपयांना पडली

बायको म्हणते, कशाला चारचौघांत सांगतोस. पण मे महिन्यात निम्मं पुणं घरं बदलत असतं, म्हणून लिहितोय.

कर्वेनगरला टू बीएचके. भाडं 21,500, डिपॉझिट 75,000. नेहमीचा अकरा महिन्यांचा करार, अंगठे-बिंगठे देऊन रजिस्टर केलेला, 31 मेला संपणारा. 20 एप्रिलला घरमालक काकांना फोन केला की आम्ही सोडतोय. "अहो, लेखी कशाला? तुम्ही घरचेच!"

इथेच कळायला हवं होतं. भाड्याला एक दिवस उशीर झाला की या माणसाचा मेसेज तारखेसकट यायचा, बाकी सगळं मात्र फोनवर. त्या रात्री मी व्हॉट्सअ‍ॅप केलाही, पण काय? "काका, बोललो त्याप्रमाणे करू." तारीख नाही, 'घर सोडतोय' हे शब्द नाहीत. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

31 मेला टेम्पो खाली उभा, हमाल ओरडतायत, मी चावी दिली. (पैसे खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नका. टेम्पोवाला थांबतो.) चार दिवसांनी हिशेब आला: लेखी नोटीस नाही म्हणून 21,500, रंगकाम 18,000, गीझर 4,200, सफाई 2,800. परत मिळाले 28,500. मुदत संपत असली तरी महिनाभर आधी लेखी कळवायचं, असं कलम करारात होतं खरं. पण एजंट अंगठ्यासाठी घाई करत असताना पानं कोण वाचतो? तुम्ही वाचलीत?

एजंट म्हणाला, माझं काम चावी देण्यापर्यंत. ब्रोकरेज घेताना हे नव्हता बोलला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, तुमचं आपसातलं. पोलीस चौकीत दीड तास बाकड्यावर बसवून "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा". अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी हवालदार मलाच समजावतो, "मोठ्या माणसाशी कशाला वाद घालता?" वकील नुसत्या नोटिशीचे 5,000 मागतो, वर शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा. नोकरी करू की हेलपाटे घालू?

आत शिरताना आणि सोडताना भिंतींचा, नळांचा, गीझरचा व्हिडिओ काढा. मी काढला नाही.

परवा त्याच फ्लॅटची जाहिरात दिसली, भाडं 24,000. फोटोत हॉलच्या भिंतीवर माझ्या लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा जशाच्या तशा आहेत.