पोपट आजारी आहे: गल्लीतला दवाखाना, पक्ष्यांचा डॉक्टर की थेट शिरवळ?

कोथरूड असो, वाकड असो की हडपसर, कुत्र्यामांजरांचा दवाखाना पुण्यात आता हाकेच्या अंतरावर असतो. घरातला कॉकॅटिल किंवा बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळायचा छोटा विदेशी पोपट, आजारी पडला की खरा प्रश्न येतो. त्याच दवाखान्यात जायचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला एक्झॉटिक पेट्स (कुत्र्यामांजरांपलीकडचे पाळीव प्राणी-पक्षी) बघणारे डॉक्टर गाठायचे, की कात्रजचा बोगदा ओलांडून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं?

पेट शॉपमधून पाण्यात टाकायची पावडर आणणं हाही एक पर्याय समजला जातो, तो मी आधीच बाद करते. पाण्यातलं औषध पोटात किती जाणार हे पक्षी पाणी किती पितो यावर ठरतं. आजारी पक्षी पाणी कमी पितो, आणि चव बिघडली की तेवढंही पीत नाही. वर अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेलेलं असलं, की पुढे डॉक्टरांनी कल्चर केलं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून तपासले, तरी जंतू सापडेलच असं नाही.

आता निवड. ती अंतरावर किंवा फीवर करण्याआधी घाई किती आहे ते बघा. पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो. तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, तेव्हा दुखणं बहुतेक वेळा बरेच दिवस जुनं असतं. श्वासागणिक शेपटी वरखाली होतेय, रक्त थांबत नाही, झटके येताहेत, किंवा मादी अंडं अडकून जोर करतेय, अशा वेळी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बाणेरहून कोंढव्याला जाण्यात अर्थ नाही. जवळचा दवाखाना गाठा. ऑक्सिजन, ऊब, रक्त थांबवणं, गरज पडली तर कॅल्शियम, एवढं कुत्र्यांचा चांगला डॉक्टरही करू शकतो. तिथूनच पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावायची विनंती करा. शहाणा डॉक्टर याला कमीपणा मानत नाही, आणि जो मानतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

एवढी घाई नसेल, म्हणजे वजन उतरतंय, पिसं उपटतोय, नाकपुडी चिकटलीय, चोच वेडीवाकडी वाढलीय, तर मी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडेच जाईन, मग रिक्षाचे पैसे फीपेक्षा जास्त झाले तरी चालतील. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय पदवीत पक्षी म्हणजे मुख्यतः कोंबडी. पोपटाचं सगळं सरावानं शिकावं लागतं, आणि सराव नसला की पहिली चूक पकडण्यातच होते. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. टॉवेलमध्ये छाती आवळली गेली तर तपासणीच्या टेबलावरच तो गुदमरू शकतो. दुसरी अडचण औषधांची. प्रोकेन पेनिसिलिन गाईम्हशींना सर्रास देतात, लहान पक्ष्यांना मात्र प्रोकेनची विषबाधा होऊ शकते. भूल द्यायची वेळ आली तर पक्ष्यांसाठी आयसोफ्लुरेन वायू इंजेक्शनपेक्षा बराच सुरक्षित, पण त्याचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं.

म्हणून बोर्डवर ‘एक्झॉटिक’ लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: पक्ष्याचं वजन कशावर करता, भूल कोणती देता, महिन्याला साधारण किती पोपट येतात? बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. त्यातले चार ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. कुत्र्यांच्या वजनकाट्यावर ते दिसणारच नाही. (घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी, खाण्याआधी.)

शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. शिकवण्याचा दवाखाना असल्यानं एका आवारात वेगवेगळे विभाग मिळतात, खर्चही खासगीपेक्षा आटोक्यात राहतो. गाठ काढायची आहे, निदान अडलंय, दुसरं मत हवंय, अशा वेळी मी तिकडचा विचार करेन. पण पक्षी बघणारे प्राध्यापक त्या दिवशी आहेत का हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत धापा टाकणारा पक्षी घेऊन बसण्यापेक्षा तो त्या दिवशी घरी उबेत बरा.

औंधला सरकारी यंत्रणा आहे, तिथला रोग अन्वेषण विभाग मुख्यतः जनावरं आणि कोंबड्यांच्या साथींसाठी काम करतो. एकट्या पोपटाच्या सर्दीसाठी तिथे जाऊ नये. तुम्ही पक्षी वाढवत असाल आणि एकामागोमाग एक मरायला लागले, तर मात्र तिथे विचारायलाच हवं. मेलेला पक्षी फ्रीजरमध्ये टाकू नका, साध्या फ्रीजमध्ये बंद पिशवीत ठेवा. गोठलं की शवविच्छेदनात फार काही कळत नाही. मुंबईत परळला असलेल्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलचं नाव घरातलं कुणी ना कुणी ज्येष्ठ काढतंच. आजारी पक्ष्याला एक्स्प्रेस-वेवरून तेवढं लांब नेण्याचं कारण पुण्यात आता क्वचितच उरतं.

व्हिडिओ कॉल आहार आणि पिंजऱ्याच्या प्रश्नांसाठी उत्तम. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि हे डॉक्टरांना पिंजऱ्यातली वाटी बघूनही सुचतं. निदान मात्र कॉलवर मागू नका.

पोपट आपला देशी हिरवा, कंठवाला असेल तर गणित बदलतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो पाळणंच बेकायदा आहे, आणि याच भीतीनं त्याला दवाखान्याऐवजी ओळखीतल्या ‘पक्षीवाल्या’कडे नेलं जातं. त्यात हाल पक्ष्याचे होतात. बाल्कनीत जखमी सापडलेला असेल तर स्वतः उपचार करत बसू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा किंवा बावधनच्या रेस्क्यू संस्थेला कळवा. वर्षानुवर्षं घरात असलेल्याबद्दलही वनविभागाशी बोलणं हाच सरळ रस्ता. आफ्रिकन ग्रे हा पोपट विदेशी असला तरी त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, कागद हाताशी ठेवा. आणि ग्रेला झटके आले तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगा, या जातीत ते अचानक उतरतं.

माझ्या मते सगळ्यात सोयीची व्यवस्था जोडीची. निदान पक्ष्यांच्या डॉक्टरांनी करायचं आणि पुढची इंजेक्शनं, वजन, ड्रेसिंग त्यांच्या चिठ्ठीवर गल्लीतल्या दवाखान्यात. सिट्टॅकोसिस या पोपटांच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण दीड महिना चालतं. तेवढे दिवस शहर पालथं घालणं पक्ष्याला झेपत नाही आणि तुम्हालाही. हा आजार माणसाला लागतो, तेव्हा घरात कुणाला ताप-खोकला असेल तर आपल्या डॉक्टरांना पोपटाबद्दल सांगा.

कुठेही गेलात तरी निघण्याआधी पिंजरा धुऊ नका. तळाशी कोरा पांढरा कागद घाला, म्हणजे विष्ठेतला घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी वेगवेगळे दिसतील. पक्षी छोट्या, झाकलेल्या खोक्यात न्या. दुचाकीवर पिंजरा लटकवून नको, आणि गाडीत एसीचा झोत त्याच्यावर येणार नाही असं बसा.