शेल ग्रोटो, मार्गेट: जमिनीखालच्या ४६ लाख शिंपल्या

शेल ग्रोटोचे, म्हणजे इंग्लंडमधल्या मार्गेट गावातल्या शिंपल्यांनी मढवलेल्या गुहेचे, फोटो बघून आईने पहिला प्रश्न विचारला, "आनि यांच्यातलं खाल्लं कोनी?"

आम्ही वर्सोव्याचे कोळी. आई बाजारात बसते, तिसऱ्या, कालवं, खुबे हे सगळं लहानपणापासून तिच्या हाताखालून गेलंय, त्यामुळे तिला हाच प्रश्न पडणार होता. पण मला खरंच वाटतं की या जागेबद्दल एवढं लिहिलं गेलंय त्यात हा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतेय.

तर झालं असं की ऑफिसच्या कामाने तीन आठवडे लंडनला होते, एक शनिवार मोकळा मिळाला. बरोबरचे सगळे शॉपिंगला गेले, मला समुद्र बघायचा होता. सेंट पँक्रसहून फास्ट ट्रेन पकडली की दीड तासात मार्गेट. केंट परगण्यातलं समुद्रकाठचं जुनं गाव, स्टेशनमधून बाहेर पडलात की समोर लांबलचक वाळू. चौपाटीवर जसे पाळणे आणि खाण्याच्या गाड्या तसं इथे ड्रीमलँड नावाचं जत्रेसारखं पार्क आहे, टर्नर कंटेम्पररी ही मोठी आर्ट गॅलरी आहे २०११ पासूनची, फिश अँड चिप्स आहेत. ते सगळं छान आहे, पण मी ज्यासाठी गेले होते ते गावात आत, साध्या घरांच्या रस्त्यावर, ग्रोटो हिल म्हणून जरा चढ आहे तिथे. बाहेरून बघून कोणाला वाटणार नाही की या घरांच्या खाली काही असेल. एक छोटं दुकान, तिथेच तिकीट, थोडी माहिती लावलेली, आणि मग खाली उतरायच्या पायऱ्या.

खाली उतरताना पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता पांढऱ्या खडूच्या दगडात खोदलेला बोळ, गार हवा, ओलसर वास. तो वास मला एकदम ओळखीचा वाटला, पावसाळ्यात आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीला येतो तसा. मग बोळ वळतो आणि अचानक भिंती सुरू होतात. म्हणजे भिंती कसल्या, शिंपल्या. पायापासून डोक्याच्या वरपर्यंत, छताच्या कमानीपर्यंत, बोटभर जागा सुटलेली नाही. सूर्य, चांदण्या, फुलं, बदाम, झाडं, सगळं शिंपल्यांचं, आणि नक्षी एका पॅनलमध्ये आहे ती पुढच्या पॅनलमध्ये नाही. मी तिथेच उभी राहिले, मागून येणाऱ्या बाईंनी सॉरी म्हणून वाट मागितली तेव्हा भानावर आले.

आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. बोळाची लांबी साधारण ७० फूट, शिंपल्यांनी मढवलेला भाग जवळपास २००० चौरस फूट, आणि शिंपल्या ४६ लाख. आमचं घर साडेतीनशे फुटांचं आहे, म्हणजे अशा जवळजवळ सहा घरांच्या लाद्यांएवढी जागा नखाएवढ्या शिंपल्यांनी भरलीय. आईला हे सांगितलं तर तिने हिशोब मांडला. एका वाट्यात पन्नास-साठ तिसऱ्या, एकीच्या दोन शिंपल्या, म्हणजे चाळीस हजार वाटे. "येवढे वाटे कोनी इकले?" हा तिचा दुसरा प्रश्न.

आता रहस्याचं. ही जागा १८३५ साली सापडली आणि दोन-तीन वर्षांत लोकांना तिकीट लावून दाखवायला सुरुवात झाली. सापडली कशी याच्या दोन-चार गोष्टी सांगतात, खणताना खाली पोकळी लागली आणि एका मुलाला दोराने आत सोडलं ही त्यातली सगळ्यात आवडती. पण बांधली कोणी, कधी, कशासाठी, याचा कागद नाही. कोणी म्हणतं फिनिशियन लोकांचं, म्हणजे प्राचीन काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, देऊळ, कोणी म्हणतं गुप्त पंथाची जागा, कोणी म्हणतं तारखा-ऋतू मोजायचं जुनं कॅलेंडर, आणि बरेच जण म्हणतात की अठराव्या शतकात तिकडच्या श्रीमंतांना बागेत अशा हौशी गुहा करून घ्यायचा नाद होता त्यातलीच ही एक. मला शेवटचं जास्त पटतं. पण आत आलेले बाकीचे लोक भिंतीकडे न बघता हेच बोलत होते, देऊळ की पंथ, पंथ की कॅलेंडर, आणि मला वाईट वाटत होतं. कारण कोणी करवून घेतलं ते कळो न कळो, केलं कसं ते समोर भिंतीवर लिहिलेलंच आहे की.

बघा ना. कालवं आहेत, शिनाण्यांसारख्या काळपट निळ्या लांबट शिंपल्या आहेत, खुब्यांसारख्या रेघांच्या आहेत, टोपीच्या आकाराच्या आहेत, मोठे शंख आहेत. ही सगळी त्याच किनाऱ्यावर मिळतात. पण नक्षीच्या मधली मोकळी जागा भरायला जी पिटुकली पिवळसर गोगलगायीसारखी शिंपली वापरलीय, जी सगळ्यात जास्त आहे, ती मार्गेटला फार क्वचित मिळते. ती भरपूर मिळते दक्षिण इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदराच्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर. म्हणजे कोणीतरी ती लांबून गोळा करून, गोण्या भरून आणली. मग धुतली. ज्याने कधी कालवांच्या शिंपल्या अंगणात टाकल्यात त्याला माहितेय, नीट साफ नाही केल्या तर दोन दिवसांत घरात बसवत नाही. मग मापाप्रमाणे वेगळ्या केल्या, कारण फुलाची पाकळी बघितलीत तर कडेला मोठ्या आणि देठाकडे लहान होत होत गेल्यात, एकही चुकलेली नाही. आई तिसऱ्या निवडते तेव्हा न बघता हाताने माप कळतं तिला, मोठी इकडे, बारकी तिकडे, बोलत असते माझ्याशी आणि हात चालू. तसे हात तिथे होते. असे खूप हात, खूप दिवस. हे मला तिथे इतकं स्पष्ट जाणवलं की डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

रंगाचं एक सांगते, नाहीतर फोटो बघून हिरमोड होईल. भिंती आता करड्या-तपकिरी दिसतात. आधी अशा नव्हत्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आत दिवे लावून लोकांना फिरवायचे, त्या दिव्यांच्या काजळीने शिंपल्या काळवंडल्या. आपल्या देवघरात समईच्या वरचा कोनाडा कसा काळा होतो तसंच. मूळचे पिवळे, गुलाबी, निळे, पांढरे रंग डोळ्यांसमोर आणून बघा, मग परत भिंतीकडे बघा. मी दोन फेऱ्या मारल्या, दुसरी फेरी फक्त यासाठी.

मधे एके ठिकाणी वर घुमट आहे आणि त्यातून उजेड खाली येतो, तेवढाच दिवसाचा उजेड. तिथून नागमोडी बोळाने पुढे गेलं की शेवटी चौकोनी खोली, तिला ते अल्टार चेंबर, म्हणजे वेदीची खोली, म्हणतात. तिथली नक्षी सगळ्यात बारीक आहे. एक भिंत मात्र उघडी, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने गेली. ती तशी ठेवलीय ते मला आवडलं, बाकीच्या तीन भिंतींची किंमत तिच्यामुळे कळते.

एक गोष्ट फार खटकली, जागेबद्दल नाही, बघायला आलेल्यांबद्दल. एक मुलगा चालता चालता भिंतीवरून हात फिरवत चालला होता आणि बरोबरचे मोठे गप्प. मी बोलले त्याला. दगडात पाणी मुरतं, शिंपल्या धरून ठेवणारा चुना आधीच हळवा झालेला असतो, त्यात लाखो लोकांचे हात लागले तर काय राहणार. प्लीज, गेलात तर हात मागे बांधून फिरा, मुलांनाही आधी सांगून ठेवा.

बाकी प्रॅक्टिकल. जागा छोटी आहे, नुसतं चालत गेलात तर वीस मिनिटांत बाहेर याल आणि म्हणाल एवढ्यासाठी आलो. तास ठेवा. कुठल्यातरी टूरवाल्याने मला सांगितलं होतं की तिथे काही नाही, शंख-शिंपल्यांचं दुकान आहे, त्याचं ऐकलं असतं तर मोठं नुकसान झालं असतं. आत गार असतं, उन्हाळ्यातही जाकीट न्या. पायऱ्या आहेत, गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करून जा. हिवाळ्यात रोज उघडं नसतं म्हणून निघायच्या आधी वेबसाइटवर वार आणि वेळ बघा. स्टेशनपासून चालत जाता येतं. तिकीट काही पौंडांचं आहे, लंडनमधल्या कुठल्याही नावाजलेल्या जागेपेक्षा कमी, आणि ही जागा खाजगी मालकीची आहे, तिकिटाच्या पैशांवर हे सगळं सांभाळलं जातं, त्यामुळे दुकानातून एखादं पोस्टकार्ड घेतलंत तरी चांगलं.

मी घेतलं होतं एक, फुलाच्या पॅनलचं. आईने ते बाजारात नेलं. तिथे मावश्यांमध्ये अजून वाद चाललाय की मधली गोल शिंपली आपल्याकडच्या कुठल्या शिंपलीची बहीण आहे. शेजारच्या मावशी म्हणतात खुबा, आई म्हणते नाही, खुब्याच्या रेघा अशा नसतात. रविवारी ओहोटीला मी आणि आई खाडीवर जाऊन एक खुबा घेऊन येणार आहोत, कार्डाशेजारी ठेवून बघायला.