ब्रिट लिट की एपी लिट?
अमेरिकेत बारावीला, म्हणजे सीनियर इयरला, बऱ्याच शाळांत इंग्लिशसाठी हे दोन पर्याय असतात: ब्रिट लिट म्हणजे ब्रिटिश साहित्य, आणि एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) लिट म्हणजे कॉलेजच्या पातळीचा साहित्याचा कोर्स. ब्रिट लिटमध्ये सहसा बेवुल्फ हे जुन्या इंग्लिशमधलं महाकाव्य, मग मध्ययुगीन कवी चॉसर, मग शेक्सपिअरचं नाटक मॅकबेथ असं क्रमाने जातात, त्यामुळे भाषा कशी बदलत गेली ते दिसतं आणि एकेका सीनवर थांबता येतं, म्हणजे राजाचा खून करून मॅकबेथ खंजीर तिथे न टाकता हातातच घेऊन येतो आणि मग बायकोच ते परत ठेवायला जाते, यावर अख्खा तास बोललं तरी कमीच. एपीत ब्रिटिशच पुस्तकं असं काही नाही, शेवटी 3 तासांची परीक्षा, त्यात 3 निबंध, पण चांगला स्कोअर आला तर बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कोर्स पदवीसाठी धरला जातो. क्रेडिटची गरज नसेल तर माझं मत सरळ ब्रिट लिटलाच.