एकवीस फुटी बोटीसाठी ट्रेलर: रंगवलेला, गॅल्व्हनाइज्ड की ॲल्युमिनियमचा?

ट्रेलर बघायला जाण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवून घ्या: तो खाऱ्या पाण्यात उतरणार आहे का? मे अखेरीस हायड्रा क्रेनने बोट उचलायची, यार्डात ठेवायची आणि पाऊस सरला की पुन्हा क्रेननेच पाण्यात सोडायची, असा बेत असेल तर ट्रेलरच्या चाकाला समुद्र लागतच नाही. तीच बोट दर शनिवार-रविवारी रॅम्पवरून उतरवायची असेल, तर एका मोसमात ट्रेलर तीस-चाळीस वेळा मिठात बुडून निघतो. मुंबईत ट्रेलरचं आयुष्य याच एका गोष्टीवर ठरतं. किती किलोमीटर ओढला, हे त्यापुढे किरकोळ आहे.

हिशेबासाठी २१ फुटी, शिडाची, कील (तळाखालची वजनदार पाती) वर ओढता येणारी, ९०० किलो रिकाम्या वजनाची बोट धरू.

आधी वजन

माहितीपत्रकातल्या ९०० किलोवर ट्रेलर घेणं ही नेहमीची चूक. आउटबोर्ड इंजिन ४२ किलो, २५ लिटर पेट्रोल १९, पिण्याचं पाणी ४०, बॅटरी २५, नांगर आणि साखळी २८, शिडं, गाद्या, दोर, शेगडी मिळून ६०. झाले सुमारे १,११५ किलो. त्यात ट्रेलरचे स्वतःचे ३३० धरले की गाडीमागे १,४४५ किलो लागतात. वर वीस टक्के वाव ठेवायचा, म्हणजे १,८०० किलो एकूण क्षमतेचा ट्रेलर हवा.

यातलं सात टक्के, म्हणजे १०० किलोच्या आसपास, गाडीच्या हुकवर यायला हवं. कमी आलं तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. फार आलं तर गाडीचं मागचं अंग दबतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. मोजायला घरातला वजनकाटा चालतो. सपाट जागेवर, हुकच्याच उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करून त्यावर कपलर, म्हणजे ट्रेलरचं हुकवर बसणारं तोंड, टेकवा. आकडा कमी भरला तर विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब थोडा पुढे सरकवून बोट पुढे घ्या. स्कॉर्पिओ किंवा थार ताकदीला कमी पडणार नाही, पण टोबारवर, म्हणजे हुक बसवलेल्या दांड्यावर, किती भार चालतो हे त्याच्या प्लेटवर आणि गाडीच्या पुस्तिकेत बघूनच पुढे जा.

तीन प्रकार समोरासमोर

रंगवलेला एमएस (साध्या पोलादाचा) ट्रेलर सगळ्यांत स्वस्त. वसई, भिवंडी, तळोजा पट्ट्यातला कोणताही बरा फॅब्रिकेटर तो बनवून देतो, आणि रस्त्यात मोडला तर कुठलाही वेल्डर जोडतो. क्रेनने बोट उतरवणाऱ्याला तो पुरेसा आहे. पाण्यात बुडवणार असाल तर घेऊ नका. चौकोनी पाइपच्या आत ब्रश पोहोचत नाही. खारं पाणी आत साचतं आणि पाइप आतून पोखरतो. बाहेरचा रंग चकचकीत, आणि एक दिवस स्प्रिंगच्या हँगरजवळ, म्हणजे स्प्रिंग जिथे फ्रेमला टांगलेली असते तिथे, फ्रेम तुटते.

रॅम्प वापरणाऱ्याने हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पूर्ण वेल्ड झालेली फ्रेम सुमारे ४५० अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे पाइपच्या आतही थर बसतो. बाजारात ‘गॅल्व्हनाइज्ड’ या एका शब्दाखाली तीन-चार गोष्टी खपवल्या जातात. तयार जीआय (आधीच जस्त चढवलेला) पाइप आणून वेल्ड केला तर प्रत्येक जोडावर जस्त जळून जातं. ‘कोल्ड गॅल्व्हनाइजिंग’ म्हणजे जस्ताचा रंग. इलेक्ट्रोप्लेटिंग आरशासारखं चमकतं, पण थर फारच पातळ. खरा हॉट-डिप थर करडा, थोडा खरबरीत, कडेला कुठे थेंब गोठलेला. तो जाडी मोजणाऱ्या गेजने तपासून घ्या. पाइपवर ६५ मायक्रॉनच्या खाली आला तर माल परत करा.

बनवून घेत असाल तर ऑर्डर देण्याआधी गॅल्व्हनाइजिंगवाल्याच्या टाकीची लांबी विचारा. ट्रेलर सात मीटर आणि टाकी त्याहून आखूड, असं अनेकदा होतं. मग फ्रेम दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडायची. प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांशी भोकं हवीतच. बंद पाइप जस्तात गेला तर आतली वाफ त्याला फोडू शकते. हीच भोकं पुढे आत पाण्याची नळी घालून मीठ धुवायला उपयोगी पडतात. जस्त बसल्यावर मात्र ना ड्रिल, ना वेल्डिंग. दिवा, नंबर प्लेट, विंच, सगळ्यांची भोकं आधीच पाडून ठेवा.

ॲल्युमिनियमचा ट्रेलर हलका असतो, गाडीला सोपा जातो, आणि लोखंडासारखा गंजत नाही. ओढायची गाडी लहान असेल तर त्याचा विचार जरूर करावा. पण स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लागला की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर लागतो. त्यातून मुंबई-गोवा रस्त्याच्या खड्ड्यात वेल्डजवळ तडा गेला तर वडखळला त्याची दुरुस्ती करणारा शोधत बसावं लागेल. आयात केलेला असेल तर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सीलचा आणि बेअरिंगचा नंबर आधी बघा. तो इथल्या बाजारात मिळत नसेल तर दोन संच सोबतच मागवा.

सगळ्यात आधी काय बिघडतं: बेअरिंग

लांबून आल्यावर हब हाताला चटका लागेल इतका गरम असू शकतो. तसाच तो पाण्यात गेला की आतली हवा झटकन थंड होऊन आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढते. ग्रीस दुधाळ होतं आणि काही आठवड्यांत बेअरिंग गंजून घरघरायला लागतं. म्हणून रॅम्पवर पोहोचल्यावर वीस मिनिटं थांबा. तेवढ्यात डोलकाठी उभी करून होते. स्प्रिंगचं बेअरिंग प्रोटेक्टर कॅप मागून घ्या, ते आत ग्रीसचा हलका दाब ठेवतं. ग्रीस मरीनच हवं. मोसमात एकदा आणि पावसाळ्याआधी एकदा हब उघडून बघाच. यार्डात चार महिने उभा राहणार असेल तर ॲक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन चाकं जमिनीपासून सोडवा.

एक ॲक्सल की दोन

हुकवरचे १०० किलो वजा केले तर दोन चाकांवर १,३४५ किलो, म्हणजे प्रत्येकावर सुमारे ६७० किलो येतात. लोड इंडेक्स (टायरवर छापलेला भाराचा क्रमांक) ८८ चा टायर ५६० किलोच पेलतो. ९७ चा ७३०, १०४ चा ९००. शेवटचाच घ्या. मांडवा-अलिबागपर्यंतचा वापर असेल तर एक ॲक्सल बरा: यार्डात दोन माणसं हाताने वळवतात आणि मिठात बुडणारे हब दोनच राहतात. बोरघाट चढून पवना किंवा खडकवासल्याला वरचेवर जाणार असाल तर दोन ॲक्सल घ्या, कारण घाटात टायर फुटला तरी बोट कलंडत नाही.

ॲक्सल एक असो वा दोन, ब्रेक हवाच. ओव्हररन ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटला जाऊन आपोआप लागणारा) सगळ्यात सोपा, पण रिव्हर्स घेताना आपोआप सुटणारा मागा, नाहीतर रॅम्पवर मागे जाताना चाकं जाम होतात. ड्रम ब्रेक घेतलात तर आत गोड्या पाण्याची नळी जोडायची सोय हवी.

बोट टेकते कशावर

रोलरवरून बोट कमी पाण्यातही सरकते. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि ओहोटीला रॅम्पच्या पायथ्याशी चिखल उघडा पडतो, त्यामुळे हा फायदा मोठा आहे. पण फायबरच्या तळावर रोलरचा भार एका बिंदूवर येतो. मधल्या रेषेत कीलखाली पॉलियुरेथेनचे रोलर आणि दोन्ही बाजूंना आधारापुरते लांब बंक (गादी लावलेल्या लांब पट्ट्या), ही जोडी सर्वांत चांगली. वजन कीलनेच घ्यायला हवं. बोट आठवडाभर ठेवून केबिनचं दार लावून बघा. ते आधी सहज लागत होतं आणि आता अडकतंय, तर बंक चुकीच्या जागी दाबतोय. तो आतल्या आडव्या भिंतीच्या खाली सरकवा.

बोट स्थिर कीलची असेल तर गणित बदलतं. जे/२४ या स्थिर कीलच्या बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १.२२ मीटर, ट्रेलरच्या उंचीचे पाऊण हात धरून दीड मीटरच्या वर पाणी लागतं. एकास आठ उताराच्या रॅम्पवर त्यासाठी ट्रेलर बारा-तेरा मीटर पाण्यात न्यावा लागेल, आणि गाडीही त्यामागे. अशा बोटीला क्रेनच बरी.

पैसे देण्याआधी

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरही मोटार वाहनात मोडतो, त्यामुळे रस्त्यावर आणायचा तर आरटीओची नोंदणी हवी. नोंदणीचे कागद कोण देणार, हे फॅब्रिकेटरकडून लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. बोटीची रुंदी २.५ मीटरच्या पुढे असेल तर आधी आरटीओत विचारून या.

जुना ट्रेलर बघायला जाताना छोटी हातोडी, जॅक आणि टॉर्च न्या. फ्रेमच्या खालच्या बाजूला, स्प्रिंगच्या हँगरपाशी ठोका. खणखणीत आवाज येतो तिथे लोखंड शाबूत आहे, बद्द आला किंवा पापुद्रा पडला तर तिथेच पुरे. मग चाक उचलून वर-खाली हलवा, फिरवा, आणि हबची टोपी काढून बोटाने ग्रीस काढा. पांढरट निघालं तर बेअरिंग, सील आणि कदाचित स्टब ॲक्सलचा (हब ज्यावर फिरतो त्या टोकाचा) खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.