बेअरिंग उत्तम, ग्रीसची वाट वाकडी: पिच बदलणाऱ्या प्रोपेलरच्या नव्या हबचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वॉरंटीचा वाद एकदाचा मिटला असल्यामुळे माझ्या विमानाच्या प्रोपेलरच्या या हबविषयी, म्हणजे पाती ज्यात बसतात त्या मधल्या भागाविषयी, आता मोकळेपणाने लिहिता येईल. हब दोन पात्यांचा आहे, पिच, म्हणजे पात्यांचा कोन, गव्हर्नरच्या (फेरे ठरल्याप्रमाणे राखणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाच्या दाबावर बदलते आणि तो थेट चार सिलिंडरच्या इंजिनावर बसतो. बाकीचे तपशील माहितीपत्रकात आहेत, ते पुन्हा सांगत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच होती. जुन्या हबमध्ये पात्याच्या मुळाशी गनमेटलच्या सपाट चकत्या होत्या, आणि या हबमध्ये प्रत्येक पात्याला तिरक्या स्पर्शाचे बॉल बेअरिंग आहे. केवळ त्यासाठी मी हा हब घेतला, आणि पुढची सगळी कटकटही त्याच बेअरिंगच्या वंगणावरून झाली.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखरच चांगले आहे. एक किलो वजनाचे पाते, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून तीस सेंटिमीटरवर आणि वेग मिनिटाला २४०० फेरे असे धरले, तर ते पाते हबमधून बाहेर निसटण्यासाठी सुमारे १९,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन टन वजनाइतका जोर लावत असते. हा सगळा भार मुळाशी असलेल्या बेअरिंगवर येतो आणि तो भार अंगावर असतानाच पाते स्वतःभोवती काही अंश वळले पाहिजे. सपाट चकत्यांचा घर्षणांक ०.१ धरला आणि भार पात्याच्या स्वतःच्या आसापासून साडेतीन सेंटिमीटरवर घेतला, तर पाते वळवायला सुमारे ६६ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, केवळ घर्षणापोटी खर्च होतो. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा घर्षणांक साधारण ०.००२ असतो, त्यामुळे हाच टॉर्क दीड न्यूटन-मीटरच्याही आत येतो. हे गणित कागदावर ठाऊक असूनही प्रत्यक्षातील फरकाने मी चकित झालो. जुना हब आधी अडून बसायचा आणि मग एकदम उडी मारायचा. आता पिचचा लिव्हर जितका हलवावा तितकेच फेरे बदलतात आणि सरळ उड्डाणात फेऱ्यांचा काटा जागचा हलत नाही.

बेअरिंगची घडणही नीटस आहे. पात्याच्या बुडाशी जाड कंगोरा असतो, आणि त्याच्यावरून अखंड कडी सरकवता येत नाही. म्हणून हबच्या बाजूची रेस, म्हणजे छर्रे जिच्यावर सरकतात ती कडी, दोन अर्ध्या भागांत केलेली आहे. हे अर्धे भाग जोडीचे असतात आणि एका पात्याचा अर्धा भाग दुसऱ्या पात्याच्या अर्ध्या भागाशी जुळवणे कटाक्षाने टाळावे लागते. नवा हब उघडला तेव्हा मी सांध्यावरून नख फिरवून पाहिले होते, आणि सांधा नखाला लागला नाही. एवढ्या काळजीने पोलाद घासणाऱ्या माणसांनी ग्रीसच्या निपलची (ग्रीस भरण्याच्या तोंडाची) जागा ठरवताना मात्र तेवढा विचार केलेला नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही पात्यांच्या मुळापासून टोकाकडे जाणारा तेलाचा बारीक ओघळ दिसू लागला. सर्व्हिस केंद्राचे उत्तर ठरलेले होते: ‘नव्या हबमधून थोडे येतेच.’ मला ते उडवाउडवीचे वाटले आणि दोष सीलचा, म्हणजे ग्रीस आत राखणाऱ्या कडीचा, आहे असे मी त्यांना लेखी कळवले. सील काढून पाहिले तर त्याला चरा नव्हता, ओठ मऊ होता आणि मापही बरोबर होते. तेव्हा कारण दुसरीकडे शोधणे भाग पडले, आणि ते ग्रीसच्या स्वभावात सापडले. ग्रीस म्हणजे मुख्यतः तेलच. साबण किंवा विशिष्ट माती यांच्या जाळीत ते अडकवून ठेवलेले असते. आसापासून सहा सेंटिमीटरवर असलेल्या ग्रीसला २४०० फेऱ्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ चारशे पट ओढ बसते. तासन्‌तास अशी ओढ बसल्यावर जाळीतून तेल सुटते आणि बाहेरच्या दिशेला जाऊन साचते. बाहेरच्या दिशेला सील असते. म्हणजे सील बिचारे सतत तेलाच्या डबक्यात उभे होते आणि थोडे पाझरत होते. या मुद्द्यावर सर्व्हिस केंद्राचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर निघाले, हे नोंदवतो.

पुढे ओघळ आपोआप कमी झाला आणि नंतर थांबलाच. पाती कोरडी व स्वच्छ दिसू लागल्यामुळे ही तक्रार संपली, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ती चिन्हे वाईट होती, कारण पाझरण्याजोगे तेल आत उरलेले नव्हते. काही काळाने लिव्हरला पूर्वीचा जडपणा थोडा जाणवू लागला आणि एका पात्याच्या मुळाशी तांबूस तपकिरी डाग दिसला. काही हबमध्ये ग्रीसऐवजी लाल रंग मिसळलेले तेल भरलेले असते, म्हणजे हबला तडा गेल्यास लाल ओघळ बाहेर येऊन सूचना मिळते. तसा हब असता तर या डागाचा अर्थ वेगळा झाला असता. येथे तसे तेल नव्हतेच, त्यामुळे तांबूस रंग लोखंडाच्या गंजाच्या भुकटीचा असणार हे उघड होते.

हब उघडल्यावर रेसवर छर्ऱ्यांच्या अंतराने ओळीने खळगे पडलेले दिसले. येथून वादाला तोंड फुटले. सर्व्हिस केंद्राने लगेच निदान केले की पाते जमिनीला आपटले असावे, आणि आपटलेल्या प्रोपेलरला वॉरंटी लागू नसते. पाते कुठेही आपटले नव्हते, परंतु ‘आपटले नाही’ हे सिद्ध कसे करणार? सुदैवाने पोलाद स्वतः साक्ष देते. धक्क्याने छर्रा रेसमध्ये रुतला तर धातू दबतो, पण कारखान्यात ग्राइंडिंग करताना उमटलेल्या बारीक रेघा खळग्याच्या तळाशी शिल्लक राहतात. सूक्ष्म थरथरीने खळगा पडला तर धातू झिजून जातो आणि त्याबरोबर त्या रेघाही नाहीशा होतात. मी भिंग मागवले आणि तिथल्या तंत्रज्ञालाच त्यातून पाहायला सांगितले. तळ घोटलेला होता आणि रेघ एकही नव्हती.

दुसरा पुरावा मला अधिक आवडला. पात्यावरील रेस आणि हबवरील रेस यांचे खळगे एकमेकांसमोर येतील असे पाते वळवले, तर खळगे पडताना पाते कोणत्या कोनात होते ते कळते. जमिनीवर आपटण्याचे प्रसंग बहुतेक कमी पिचवर येतात, कारण तेव्हा पाती त्या टोकाच्या अडणीला टेकलेली असतात. आमचे खळगे सरळ उड्डाणाच्या कोनाला जुळले. त्यानंतर आपटण्याचा विषय त्यांनी काढला नाही. रेस आणि छर्रे वॉरंटीत बदलून मिळाले. सील, ग्रीस आणि मजुरी माझ्या माथी मारण्यात आली. सील तपासण्यासाठी मीच उघडायला लावले होते म्हणून ते पुन्हा वापरता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो मला अजूनही पटलेला नाही.

ही झीज बेअरिंगच्या जगात जुनी आहे. १९३० च्या दशकात नव्या मोटारी रेल्वेने दूरवर पाठवल्या जात, तेव्हा चाके न फिरता केवळ हादरत राहिल्यामुळे त्यांच्या बेअरिंगमध्ये असेच खळगे पडलेले आढळत. नेहमीचे बेअरिंग गरगर फिरते, त्यामुळे प्रत्येक छर्रा आपल्याबरोबर वंगण ओढून सगळीकडे पसरवतो. पात्याच्या मुळाचे बेअरिंग फिरतच नाही. माझ्या हबमध्ये पिचची संपूर्ण चाल साधारण अठरा अंशांची आहे. एक रेस स्थिर ठेवून दुसरी अठरा अंश वळवली की छर्रे त्याच्या निम्मे, म्हणजे नऊ अंश सरकतात. एका बेअरिंगमध्ये चोवीस छर्रे आहेत, त्यामुळे दोन छर्ऱ्यांमध्ये पंधरा अंशांचे अंतर आहे. याचा अर्थ पूर्ण चाल दिली तरी कोणताही छर्रा शेजाऱ्याच्या जागेपर्यंत पोहोचत नाही. ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या तुकड्यातच आयुष्य काढायचे. शिवाय सरळ उड्डाणात तर पूर्ण चालही होत नाही. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला दोन, म्हणजे २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ऐंशी हिसके देते, आणि त्या हिसक्यांनी छर्रा जागच्या जागी केसभर थरथरतो. ही थरथर स्पर्शाच्या ठिपक्यापेक्षा लहान असेल तर ठिपक्याखालचे तेल पिळून बाहेर जाते आणि परत यायला वाटच राहत नाही.

आता निपलकडे वळतो. ज्यांना हे प्रकरण क्षुल्लक वाटते त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. माझ्या मते मात्र या हबचे खरे परीक्षण इथेच होते. प्रत्येक पात्याच्या खोबणीला दोन निपल आहेत. पुस्तिकेप्रमाणे एक निपल काढून टाकायचे, दुसऱ्यातून हातपंपाने सावकाश ग्रीस भरायचे आणि उघड्या भोकातून नवे ग्रीस बाहेर येऊ लागले की थांबायचे. समोरचे निपल न काढता पंप मारला तर दाबाने सील उलटते किंवा ग्रीस हबच्या आतल्या पोकळीत शिरते, म्हणून ही सूचना योग्यच आहे. ही दोन भोके समोरासमोर, वर्तुळाच्या दोन टोकांना असतील, असे पुस्तिका वाचणारा गृहीत धरतो. ती तशी नाहीत. ती एकमेकांपासून जेमतेम पाव वर्तुळावर आहेत. ग्रीस पाण्याप्रमाणेच सोपा मार्ग धरते; ते पाव वर्तुळातून सरळ पलीकडच्या भोकातून बाहेर येते, भरणाऱ्याला वाटते की काम झाले, आणि उरलेल्या तीन चतुर्थांश भागात मागच्या वेळचे वाळलेले ग्रीस तसेच बसून राहते. फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ही चूक खपून गेली असती, कारण छर्ऱ्यांनीच ग्रीस गोल फिरवले असते. इथे छर्रे नऊ अंशांपलीकडे जात नाहीत, म्हणजे जिथे पंपाने ग्रीस पोहोचले नाही तिथे ते कधीच पोहोचणार नाही. माझ्या रेसवरचे सर्वांत खोल खळगे निपलच्या बरोबर विरुद्ध बाजूला होते आणि दोन निपलांमधल्या भागात नुसती पुसट छटा होती. यापेक्षा स्पष्ट आकृती कोणी काढून दाखवू शकणार नाही. भरीस भर म्हणून एका निपलपर्यंत पोहोचायला संपूर्ण स्पिनर (हबवरचे निमुळते आवरण) उतरवावा लागतो, आणि त्याचे स्क्रू परवानाधारक तंत्रज्ञानेच काढायचे असल्यामुळे प्रत्येक वेळी खिशाला चाट बसते ती वेगळीच.

मी हे सर्व छायाचित्रांसह निर्मात्याला कळवले. उत्तर यायला वेळ लागला, पण आलेले उत्तर सरळ होते. हबच्या मागच्या बाजूला, निपलांच्या समोर, एक आटे असलेले बूच आहे. ग्रीस भरताना निपल न काढता ते बूच काढावे आणि तिथून नवे ग्रीस येईपर्यंत भरावे, आधी एका निपलमधून आणि मग दुसऱ्यातून, असे त्यांच्या तांत्रिक विभागाने लेखी कळवले. तसे केल्यावर पहिल्यांदा त्या बुचाच्या भोकातून बाहेर आले ते काळपट, खडूसारखे कोरडे, वास मारणारे जुने ग्रीस होते. रेस बदलताना आतला भाग पूर्ण धुतलेला नव्हता, हेही त्यावरून कळले, परंतु तो वाद मी उकरून काढला नाही.

ग्रीसच्या निवडीबाबत मी काटकसर केलेली नाही, जरी मोह झाला होता. मातीने घट्ट केलेल्या ग्रीसमध्ये लिथियम साबणाचे ग्रीस मिसळले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकते, आणि चारशेपट ओढीपुढे पातळ ग्रीस टिकणार नाही. म्हणून पुस्तिकेत दिलेलेच वापरतो, आणि डब्यात उरलेले वाया जाते याची हळहळ करतो. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत पिच दोन्ही टोकांपर्यंत नेण्याचा नेम आता अधिक काटेकोरपणे पाळतो. छर्रे नऊ अंशच का होईना, पण सरकतात, आणि पिळून निघालेले तेल थोडे तरी परत ठिपक्याखाली येते.

तेलाने भरलेला हब घ्यायला हवा होता का, असे मला दोघातिघांनी विचारले. तेलात बुडालेल्या बेअरिंगला ही उपासमार सोसावी लागत नाही, हे खरे. मोठ्या जहाजांच्या पिच बदलणाऱ्या प्रोपेलरमध्ये हब तेलाने भरूनच ठेवतात आणि वरच्या टाकीतून बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा जास्त दाब देतात, म्हणजे सील गळले तरी पाणी आत न येता तेल बाहेर जाते. परंतु माझ्या आकाराच्या हबमध्ये तेल म्हणजे अधिक वजन आणि सीलवर अधिक भिस्त. भोक योग्य जागी असेल तर ग्रीसने भागते, असे दुरुस्तीनंतरच्या वापरावरून वाटते: लिव्हर पुन्हा हलका झाला आहे, ओघळ अगदी पुसट आहे आणि तांबूस डाग परत आलेला नाही.

बेअरिंगला पाचपैकी पाच आणि वंगणाच्या व्यवस्थेला दोन गुण देतो. त्यातला एक गुण निर्मात्याच्या लेखी उत्तरासाठी आहे. पुस्तिकेच्या नव्या प्रतीतही अजून निपल काढण्याचीच जुनी पद्धत छापलेली आहे आणि बुचाचा उल्लेखही नाही. त्यामुळे मी त्या पत्राची प्रत प्रोपेलरच्या नोंदवहीत, ग्रीसच्या नोंदींच्या पानासमोर चिकटवली आहे, आणि हा हब वापरणाऱ्या इतरांनीही निर्मात्याकडून तसे पत्र मागून घ्यावे.